फळीवरचा बत्तिसावा बिल्ला

शेरीफ कार्यालय, डनमोर परगणा, ओहायो
दि. १६ ऑक्टोबर, सोमवार, सकाळी १० वाजून २० मिनिटे

मी, श्रीमती व्हर्ना लुईस स्टॅम्पर, वय ६३ वर्षे, व्यवसाय शाळेच्या भोजनगृहात स्वयंपाकीण (निवृत्त), तसेच टिलर्स लँडिंग स्वयंसेवी अग्निशमन दलाची सदस्य, राहणार घर क्र. ४१, वॉटर स्ट्रीट, टिलर्स लँडिंग, समक्ष हजर राहून जबाब देते की,

मला इथे कोणीही बोलावलेलं नाही. मी आपण होऊन आले आहे. १२ ऑक्टोबर रोजी मी जे केलं ते सरकारी कागदावर यावं, एवढ्यासाठी आले आहे. डेप्युटी टॉड लेस्लर हे जबाब लिहून घेत आहेत. त्यांनी आतापर्यंत मला दोनदा कॉफी दिली आणि तीनदा घरी जायला सांगितलं.

ते म्हणाले, "मिस व्हर्ना, तुमच्यावर कसलाही आरोप नाही. उगीच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

मी म्हटलं, "टॉड, सहा वर्षं माझ्या हातचं जेवलास. मटार रुमालात गुंडाळून खिशात घालायचास, ते मी तुझ्या आईला कधी सांगितलं नाही. आता कागद घे आणि मी सांगते तसं लिही."

त्यावर त्यांनी कागद घेतला. मटाराचं लिहायची गरज नाही असं त्यांचं म्हणणं आहे. माझं म्हणणं, लिहायचं तर सगळं लिहायचं. अर्धवट लिहिल्यामुळेच हे सगळं झालं आहे.

आमच्या दलात एकतीस माणसं आहेत. मी गेली चौदा वर्षं फळी सांभाळते. फळी म्हणजे काय ते टॉडला माहीत आहे, पण हा कागद राजधानीत जाणार असेल तर तिथल्या लोकांसाठी सांगते. प्रत्येकाचा एक प्लास्टिकचा बिल्ला असतो, त्यावर नाव आणि नंबर. जळत्या इमारतीत शिरताना तो दाराशी माझ्या हातात द्यायचा, मी तो फळीवरच्या हुकाला लावते. बाहेर आलं की ज्याचा त्याने तो काढून घ्यायचा. दुसऱ्याचा बिल्ला दुसऱ्याने काढायचा नाही, नवराबायको असले तरी नाही. फळीवर बिल्ला आहे याचा अर्थ माणूस आत आहे. हाकेला ओ आली नाही तर दाराशी उभी असलेली राखीव जोडी त्याला शोधायला आत जाते. एवढीच पद्धत आहे. ती शिकायला कॉलेजात जावं लागत नाही.

हेरॉनविषयी. हेरॉन म्हणजे आमच्या नदीवरचा करडा-निळा बगळा. तीन वर्षांपूर्वी तशाच रंगाचे कपडे घातलेला, तोंड झाकलेला एक माणूस आमच्या भागात उडताना दिसू लागला, तेव्हा गावाने त्याला हे नाव दिलं. त्याने पुरातून माणसं काढली आहेत, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्याच्या अंगात दहा बैलांचं बळ आहे. पण छाती तुमच्याआमच्यासारखीच आहे, हे तेव्हा आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

अशा लोकांवर सरकारची देखरेख असावी की नाही, यावर सध्या राजधानीत विधेयक चालू आहे. आमच्या गल्लीत प्रत्येक अंगणात पाटी आहे. काहींची 'हेरॉनला हात लावू नका', काहींची 'बुरखा काढा'. दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या घरचं जेवण टाळू लागले आहेत. मला दोघांनीही पाट्या आणून दिल्या. मी दोन्ही कोंबड्यांच्या खुराड्याला ठोकल्या, वारा येत होता तिथे.

दिनांक ९ सप्टेंबर, शनिवार. त्या दिवशी दलाची वार्षिक तळलेल्या मासळीची पंगत होती, म्हणून सगळे ठाण्यावरच हजर होते. दुपारी १ वाजून ५२ मिनिटांनी खबर आली की काउंटी रोडवरच्या जुन्या स्केटिंगच्या हॉलला आग लागली आहे. तिथे आता जुन्या सामानाचा बाजार भरतो. आम्ही सहा मिनिटांत पोचलो. आमचा वेंडेल किश, वय ३४, प्लंबर, बिल्ला नं. १७, हा राखीव जोडीत होता. निघताना त्याने अर्धं खाल्लेलं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, "मिस व्हर्ना, झाकून ठेवा हां. माझी मासळी गार झाली तर मी बंबावर चिठ्ठी लावीन की फळीवाली बाई निष्काळजी आहे." मी त्यावर फॉइल लावलं.

२ वाजून ४ मिनिटांनी हेरॉन नदीच्या बाजूने आला आणि माझ्यासमोरून दारात शिरला. मी ओरडले, "अहो, इकडे! नाव नाही तर नाही, निदान हात वर करून जा!" त्याला ऐकू आलं नसावं. त्याने एका बाईला उचलून आणलं, गवतावर ठेवलं आणि २ वाजून ७ मिनिटांनी पुन्हा आत गेला. मी घड्याळ बघितलं होतं. मी नेहमी बघते.

२ वाजून ११ मिनिटांनी आमची सगळी माणसं बाहेर आली. फळी मोकळी झाली. आमचे प्रमुख गस ओडेल यांनी विचारलं, "व्हर्ना, सगळे बाहेर?"

मी म्हणाले, "आपले सगळे. पण तो हेरॉन आत गेलाय, गस. चार मिनिटं झाली. आलेला दिसला नाही."

गसने फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मी डोळ्यांनी बघितलंय."

२ वाजून १३ मिनिटांनी राखीव जोडी, म्हणजे वेंडेल आणि मार्सी बॉग्ज, आत गेली. वेंडेलने बिल्ला माझ्या तळहातावर आपटला. त्याची तशी सवय होती. २ वाजून १७ मिनिटांनी छप्पर खाली आलं. मार्सी रांगत बाहेर आली, तिचे दोन्ही हात भाजले होते. वेंडेल आला नाही.

त्या वेळी हेरॉन चाळीस मैलांवर शेजारच्या परगण्याच्या जत्रेत होता. तिथे मोठा पाळणा वरच्या वर अडकला होता, त्यातली मुलं तो एकेक करून खाली आणत होता. ते टीव्हीवर दाखवलं. मुलं वाचली याचा मला आनंद आहे, हेही लिही. तो आमच्या हॉलमधून मागच्या बाजूचं छप्पर फोडून गेला होता. जाताना छप्पर तोलून धरणारी एक लाकडी कैची त्याच्या खांद्याने मोडली. हे मला नंतर ढिगारा बघून कळलं. जाताना त्याने कुणालाही सांगितलं नाही, कारण कुणाला सांगायचं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

ती ताटली मी कधी फेकली ते मला आठवत नाही.

२ ऑक्टोबर रोजी राज्याच्या चौकशीचा अहवाल आला. बावीस पानं. त्यात माझं नाव अकरा वेळा आहे. 'फळीवर नोंद नसलेल्या व्यक्तीची गणना करून फळी-अधिकाऱ्याने चुकीची माहिती दिली', असा ठपका आहे. तो खरा आहे. नियमाप्रमाणे ज्याचा बिल्ला नाही तो आत नाही. मी नियम सोडला आणि डोळ्यांवर विश्वास ठेवला. पण हेरॉनचं नाव त्या बावीस पानांत एकदाही नाही. 'एक अनोळखी त्रयस्थ इसम' असं तीनदा आहे. कैची 'अज्ञात कारणाने' मोडली असं आहे.

मी अहवाल लिहिणाऱ्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "बाई, ज्याचं नाव नाही, पत्ता नाही, त्याला समन्स कुठे पाठवू? आभाळात?"

म्हणजे ज्यांची नावं आहेत त्यांनाच प्रश्न विचारायचे. वेंडेलचं नाव होतं, गसचं होतं, माझं होतं. चोर सोडून संन्याशाला सूळ अशातला प्रकार आहे, असं मी त्यांना सांगितलं. चोर हा शब्द मी आज मागे घेते. दलाची स्वतःची चौकशी पुरी होईपर्यंत मला फळीवरून दूर करण्यात आलं आणि फळी मार्सीकडे दिली. तिच्या हातांच्या पट्ट्या अजून निघायच्या होत्या.

दिनांक ८ ऑक्टोबर, रविवार, दुपारी तीनच्या सुमारास मी घराच्या मागच्या पायरीवर घेवड्याच्या वाळक्या शेंगा सोलत बसले होते. तेव्हा हेरॉन अंगणात उतरला. जवळून तो लहान वाटला, पंचविशीचा असेल. त्याला उभं कुठे राहावं ते कळत नव्हतं.

तो म्हणाला, "बाई, मी अहवाल वाचला. मला माहीतच नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

"की तुम्ही लोक मलाही मोजता."

मी त्याला म्हटलं, "बाबा रे, दारातून आत गेलेलं कुत्रंसुद्धा आम्ही मोजतो. तुला काय वाटलं, तू आत जातोस आणि आम्ही बाहेर मक्याची कणसं खात बसतो?"

तो म्हणाला, "मला वाटायचं, मी आलो की तुम्हाला हायसं वाटत असेल."

मी फार बोलले. सगळं लिहायला कागद पुरणार नाही. सारांश असा की माझ्याबरोबर शेरीफकडे चल आणि किती वाजता शिरलास, कुठून निघालास एवढं सांग, असं मी त्याला म्हणाले. तो म्हणाला की एकदा जबाब दिला की फाइल होते, फाइल झाली की नाव लागतं, आणि नाव कळलं की त्याच्या आईच्या दाराशी माणसं उभी राहतील. काही हार घेऊन येतील आणि काही बंदूक घेऊन. हे मला खोटं वाटलं नाही. आमच्या गल्लीतल्या पाट्या मी रोज वाचते.

मी म्हटलं, "मला तुझं नाव नको. तुझी आईही नको. तू आत आहेस की बाहेर, एवढंच मला हवंय. सरकारचं सरकार बघेल."

मी घरात जाऊन डबा आणला. वेंडेलच्या अंत्यविधीनंतर मी दुकानातून एक कोरा बिल्ला पाडून आणला होता, त्यावर फक्त ३२. का आणला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. तो त्याला दिला आणि पद्धत सांगितली. दाराशी द्यायचा, आलास की स्वतः काढायचा, आणि फळीवर असेल तोवर आम्ही तुला शोधत येणार. त्याने विचारलं, "मला पण?" मी म्हटलं, "फळीवर असलास तर तुला पण." त्याने तो मुठीत धरला आणि उडाला. त्याच्या वाऱ्याने माझा घेवडा अंगणभर झाला. तासभर वेचत होते आणि शिव्या देत होते. लावेल हा बिल्ला, कशाला लावेल, असं मी कोंबड्यांना सांगितलं.

दिनांक १२ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ११ वाजता हाचर यांच्या शेतावरच्या गवताच्या कोठाराला आग लागली. मी फळीवर नव्हते, पिण्याच्या पाण्याच्या टेबलाशी होते, दारापासून साधारण चाळीस पावलांवर. ११ वाजून २६ मिनिटांनी हेरॉन आला. तो थेट आत गेला नाही. तो मार्सीपाशी थांबला, तिच्या हातात बिल्ला दिला आणि मग गेला. मार्सीने वळून माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

त्याने आधी एक वासरू बाहेर आणलं. दारातच सोडलं आणि आणखी एकासाठी परत गेला.

११ वाजून ३८ मिनिटांनी गसने सगळ्यांना बाहेर बोलावलं. सगळे आले, आपापले बिल्ले काढून घेतले. त्या दिवशी आत गेलेल्यांपैकी फळीवर एकच राहिला, ३२. मार्सीने तीनदा हाक मारली. ओ आली नाही. गसने राखीव जोडीला खूण केली. त्या दिवशी जोडीत जोलीन आणि कर्ट हे बहीणभाऊ होते. जोलीन एकवीस वर्षांची आहे.

मी पाण्याचं टेबल सोडून धावले आणि दारात आडवी उभी राहिले. दोन्ही हात चौकटीला लावले.

गस म्हणाला, "व्हर्ना, बाजूला हो!"

मी म्हणाले, "तो आत नाही! गेलाय तो! मागून गेला असेल, कुठल्यातरी जत्रेत असेल!"

मार्सी म्हणाली, "व्हर्ना, बिल्ला आहे फळीवर!"

मी म्हणाले, "लावला, आणि काढायला विसरला! त्याला कुठे सवय आहे? पुन्हा एकदा नाही, गस. या पोरीला मी आत सोडणार नाही. आधी मला जाळ."

जोलीन रडत होती आणि म्हणत होती, "मिस व्हर्ना, प्लीज, आम्हाला जाऊ द्या." हेही लिही. तिने जायला एकदाही नकार दिला नाही.

मार्सीच्या घड्याळाप्रमाणे मी साडेतीन मिनिटं दार अडवलं. मग गसने मला कमरेला धरून उचललं आणि गवतात बसवलं. जोलीन आणि कर्ट आत गेले. दारापासून वीस फुटांवर, दुसऱ्या वासराच्या दोराला हात गुंडाळलेल्या अवस्थेत तो त्यांना सापडला. धुराने बेशुद्ध पडला होता. वासरू मेलं होतं. त्या दोघांनी त्याला ओढत आणलं. जोलीनला कपाळावर खरचटलं आहे, बाकी दोघं सुखरूप आहेत.

त्याला रुग्णालयात नेलं. तिथे तोंडावरचं कापड काढावंच लागलं. मी त्याचा चेहरा बघितला आहे. टॉडने विचारलं की मी त्याला ओळखते का. माझ्या भोजनगृहात तो कधी जेवला नाही, एवढं मी सांगू शकते. त्यापुढे तो सांगेल तेव्हा सांगेल.

आता ज्यासाठी मी आले ते. त्याच संध्याकाळी मी टॉडला फोन करून म्हटलं की बचावाच्या कामात अडथळा आणल्याबद्दल माझ्यावर गुन्हा नोंदव. टॉड म्हणाला, "मिस व्हर्ना, कुणाच्या बचावात? परगण्याच्या नियमात दलाचा सदस्य आहे, रहिवासी आहे, वाटसरू आहे. प्रत्येकाला नाव लागतं. हा माणूस कागदावर कुणीच नाही. कुणीच नसलेल्याला वाचवताना अडवलंत म्हणून गुन्हा कसा लिहू?" तो चांगल्या मनाने बोलला. मला बरं वाटावं म्हणून बोलला.

गावातले लोकही मला बरं वाटावं म्हणून बोलत आहेत. शुक्रवारपासून माझ्या दाराशी पाच भांडी भरून जेवण आलं आहे. ज्यांच्या अंगणात 'हेरॉनला हात लावू नका' आहे ते म्हणतात, तू पोरीला वाचवायला गेलीस. ज्यांच्या अंगणात 'बुरखा काढा' आहे ते म्हणतात, बरी अद्दल घडली त्याला. मला हे ऐकवत नाही. महिनाभर मी ओरडत होते की ज्याची नोंद नाही त्याला कुणी जाब विचारू शकत नाही. ज्याची नोंद नाही त्याला कुणी शोधायलाही जात नाही, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि या वेळी तर नोंद होती. ती मीच करायला लावली होती. सप्टेंबरात बिल्ला नसताना मी त्याला आत धरलं आणि ऑक्टोबरात बिल्ला असताना बाहेर. दोन्ही वेळा मी चुकले. पहिल्या चुकीची बावीस पानं आहेत, दुसरीचं एकही नाही. म्हणून हा जबाब.

माझं म्हणणं असं की तो कुणीच नव्हता हे खोटं आहे. तो आमच्या फळीवर होता. हुक क्रमांक ३२. शिरल्याची वेळ ११ वाजून २६ मिनिटे, मार्सी बॉग्ज साक्षीदार.

डॉक्टर म्हणतात की साडेतीन मिनिटांनी फरक पडला की नाही हे कुणीच सांगू शकणार नाही. हे मी विचारलं नव्हतं, मार्सीने विचारलं होतं. त्याच्या घशात नळी आहे, त्यामुळे बोलता येत नाही. काल दुपारी तो शुद्धीवर आला आणि त्याने हाताने खूण करून कागद मागितला. तिथे मार्सी होती. तो आईचा फोन नंबर लिहील असं तिला वाटलं. त्याने लिहिलं, 'मी बिल्ला लावला होता.' मार्सीने तो कागद मला आणून दिला, तो या जबाबासोबत जोडत आहे. मला तो परत हवा आहे.

बिल्ला क्र. ३२ पुरावा म्हणून ताब्यात घ्यावा लागेल असं टॉडचं म्हणणं आहे. त्याला माझी हरकत आहे. तो ठाण्यावर फळीला लावलेला आहे आणि ज्याचा त्यानेच काढायचा. तो बरा झाला की येऊन काढील, तोवर कुणी हात लावू नये. त्याच फळीवर वेंडेलचा क्र. १७ अजून आहे. त्याचं काय करायचं ते पद्धतीत लिहिलेलं नाही.

हा जबाब टॉडने मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना त्याने समासात तीन ठिकाणी 'अनोळखी इसम' असं लिहिल्याचं आढळलं. ती तिन्ही ठिकाणं मी खोडायला लावली, तिथे 'दलाचा बत्तिसावा सदस्य' असं लिहून घेतलं आणि प्रत्येक खाडाखोडीपुढे माझी सही केली. बाकी मी सांगितलं तसंच आहे आणि ते खरं आहे.

(सही) व्हर्ना एल. स्टॅम्पर
समक्ष: डेप्युटी टॉड लेस्लर